जाणाऱ्याचं प्रेम

श्रुतिकाच्या जागेवर कुणीतरी झोपलं होतं.

गणपती नुकतेच होऊन गेले होते. अंधेरीच्या त्या कॉलेजातला तिसऱ्या मजल्यावरचा अगदी टोकाचा वर्ग, दुपारची कलती उन्हं, आणि खिडकीजवळचा तिचा ठरलेला बाक... त्या बाकावर हाताची उशी करून एक मुलगा गाढ झोपला होता. चपला काढून भिंतीशी नीट जोडून ठेवलेल्या – कुणाच्या घरात शिरताना ठेवाव्यात तशा. खिडकीतल्या वाऱ्यानं त्याचे केस कपाळावर येत होते, पुन्हा मागे सरत होते. शर्टाला खाऱ्या पाण्याचा वास होता... पुसटसा.

"ए, हॅलो," श्रुतिका म्हणाली. "ही माझी जागा आहे."

तो हललासुद्धा नाही.

"अगं, राहू दे ना त्याला!" मागून निशा हसत आली. "माझा मावसभाऊ आहे तो, कृणाल. केमिस्ट्रीवाला. पहाटे बोटीवर गेला होता, खलाशी आला नाही म्हणून. तिथून तसाच प्रॅक्टिकलला आला. मीच म्हटलं त्याला, आमचा वर्ग रिकामा असतो, झोप जा."

"रिकामा? आत्ता शुक्रवारचा तास आहे, निशा!"

"अय्या! विसरलेच की मी..."

निशा मढच्या कोळीवाड्यातली. रोज खाडी ओलांडून वेसाव्याला यायची आणि तिथून कॉलेजला. श्रुतिका यायची बरोबर उलट्या टोकाहून, घाटकोपरच्या असल्फ्याच्या डोंगरावरून, मेट्रोनं. तत्त्वज्ञान घेऊन टी. वाय. करणारी जेमतेम दहा-बारा टाळकी त्या वर्गात होती, आणि त्यांत या दोघींची पहिल्या वर्षापासूनची गट्टी.

तेवढ्यात मृणालिनी मॅडम आल्या. शुक्रवारी मॅडम पुस्तक उघडत नसत. खुर्च्या गोल मांडायच्या, फळ्यावर एक प्रश्न लिहायचा, आणि तास संपेपर्यंत त्या प्रश्नाशी भांडायचं, हा त्यांचा शिरस्ता. कोण काय म्हणालं होतं ते सांगायचं नाही. तुला काय वाटतं ते सांग, एवढीच अट.

मॅडमनी झोपलेल्या मुलाकडे एकदा पाहिलं, काही न बोलता खडू उचलला आणि लिहिलं – सुखात असलेल्या माणसाला आपण सुखात आहोत हे कळायला हवं का?

"हवंच," श्रुतिकानं लगेच तोंड उघडलं. "न कळलेलं सुख कसलं सुख, मॅडम? चव न कळता जेवलं तर त्याला जेवण नाही म्हणत. पोट भरणं म्हणतात."

"सौरभ?"

"डिपेंड्स, मॅडम," सौरभ म्हणाला. प्रत्येक प्रश्नाला त्याचं हेच उत्तर असायचं. सगळा वर्ग खो-खो हसला, आणि त्या हसण्यानं बाकावरचा मुलगा दचकून उठला. गोल मांडलेल्या खुर्च्या, आपल्याकडे वळलेल्या सगळ्या नजरा...

"वाट लागली," तो पुटपुटला.

"अजून नाही," मॅडम म्हणाल्या. "पण उठलाच आहेस तर उत्तर देऊन जा."

त्यानं डोळे चोळत फळा वाचला. चांगला सावकाश वाचला. "आत्ता मी झोपलो होतो ना, मॅडम... तेव्हा मस्त होतो. पण मस्त आहे हे माहीत नव्हतं. आता माहीत आहे... तर आता मस्त नाही."

वर्ग पुन्हा हसला. श्रुतिका नाही हसली. "म्हणजे सुख फक्त बेशुद्ध माणसाला मिळतं, असं का?"

"बेशुद्ध नाही. बिनधास्त." त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत अजून झोप होती, आणि झोपेच्या आड कुठेतरी हसू. "तुमची जागा का ही?"

"हो."

"छान आहे. वारा बरोब्बर मानेवर येतो."

तो चपला घालून निघून गेला. श्रुतिका आपल्या जागेवर बसली. दोन वर्षं त्या बाकावर बसत होती, पण वाऱ्याचं तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशी मात्र सबंध तासभर वारा तिच्या मानेवर येत राहिला... आणि तो येतोय हे तिला कळत राहिलं.

पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा आला. या वेळी जागा होता.

"बसू का, मॅडम? झोपणार नाही."

"झोपलास तरी चालेल. उत्तर दिल्याशी कारण."

आणि मग तो येतच राहिला. नवरात्र झालं, दिवाळी झाली. शुक्रवारी प्रयोगशाळेतून सुटला की कृणाल दोन-दोन पायऱ्या गाळत तिसऱ्या मजल्यावर यायचा आणि श्रुतिकाच्या बरोबर समोरच्या खुर्चीत बसायचा. ती 'हो' म्हणाली की याचं 'नाही' तयार. श्रुतिका मुद्दे मांडायची नेटके, ओळीनं, साडीच्या निऱ्या घालाव्यात तसे. हा मात्र आधी गप्प बसायचा, छताकडे पाहायचा, आणि मग एखादं असं वाक्य टाकायचा की तिच्या सगळ्या निऱ्या सुटाव्यात.

"खरं नेहमी बोलावंच का?" असा एकदा प्रश्न होता.

"नेहमी," श्रुतिका म्हणाली. "एकदा सूट दिली की संपलं."

"आमच्याकडे बोट येते ना," कृणाल म्हणाला, "तेव्हा आई बाबांना विचारते, आज कसं? जाळं रिकामं असलं तरी बाबा म्हणतात, बरं हाय. आईला दिसतं, टोपल्या रिकाम्या आहेत. बाबांना माहीत असतं की तिला दिसतंय. आता यात खोटं कोण बोललं?"

मॅडम हलकेच हसल्या. सौरभ म्हणाला, "डिपेंड्स," आणि पहिल्यांदाच त्याचं कुणाला हसू आलं नाही.

त्या दिवशी तास सुटला, पण वाद सुटला नाही. बोलत बोलत दोघं जिना उतरली, फाटकाबाहेर आली. निशाला त्या दिवशी तिच्या काकूकडे जायचं होतं, ती रिक्षा पकडून गेली. श्रुतिकाची मेट्रो डावीकडे, कृणालची बस उजवीकडे.

"तू म्हणतोस ते खोटं नाही, मान्य. पण ते खरंही नाही ना?"

"मग काय आहे?"

"तेच तर शोधतेय!"

"शोध, शोध. पण तू माझ्या बसमध्ये चढलीयस, तुला कळलंय ना? घाटकोपर मागे राहिलं."

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. बस चक्क वेसाव्याच्या रस्त्याला लागली होती. कानापर्यंत लाल झाली ती. "वाद अर्धा राहिला होता म्हणून..." तिनं कसंबसं म्हटलं.

"हो ना," कृणाल अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "अर्धा वाद वाईटच. पोटात दुखतं."

वेसाव्याच्या धक्क्यावर दोघं कठड्याला टेकून उभी राहिली. पाण्यावर सोनेरी चुरा सांडला होता. रंगीत झेंडे लावलेल्या बोटी जागच्या जागी डुलत होत्या, आणि पलीकडे, हाताच्या अंतरावर वाटावा असा मढचा किनारा. टोपल्या घेऊन कोळणी फेरीबोटीत चढत होत्या. एकीनं कृणालला काहीतरी खोचक विचारलं आणि श्रुतिकाकडे पाहून डोळे मिचकावले.

"काय म्हणाली?"

"नको विचारू. खरं सांगावं लागेल."

"मी तर म्हणते, खरं नेहमी सांगावं."

"म्हणाली... ही मासळी कुठल्या बंदराची?"

श्रुतिकानं पर्सनं त्याच्या दंडावर एक फटका मारला. तो हसत हसत बोटीत उतरला. बोट फटफटत निघाली, आणि तो पाठमोरा न बसता तिच्याकडे तोंड करून बसला, पार पलीकडे पोहोचेपर्यंत.

मग दर शुक्रवारीच कुठला ना कुठला वाद अर्धा राहू लागला. निशाची मात्र शुक्रवारी काहीबाही कामं निघू लागली. ती कामं खरी की खोटी, हे दोघांनीही विचारलं नाही.

हिवाळ्यात संध्याकाळी धक्क्यावर गार वारा सुटायचा. श्रुतिका ओढणी डोक्यावरून घ्यायची. कृणाल तिला समुद्र वाचायला शिकवायचा: पाणी चढतंय की उतरतंय, ढग कुठला नुसता फिरायला आलाय आणि कुठला कामाला. ती त्याला विचारायची, "माणूस एकटा असताना आणि चारचौघांत असताना, खरा कुठला?" तो छताच्या ऐवजी आभाळाकडे पाहायचा. म्हणायचा, "तिसरा एक असतो. समोर एकच कुणीतरी असतं तेव्हाचा." आणि मग बोटींच्या दोऱ्या तेवढ्या करकरत राहायच्या.

प्रेम हा शब्द मात्र दोघांपैकी कुणीच काढला नव्हता. जगातल्या सगळ्या मोठ्या शब्दांचा कीस पाडणारी ही दोघं या एका शब्दाच्या जवळ आली की वळसा घालून पुढे जायची.

जानेवारीत मॅडमनी नवीनच टूम काढली. आता प्रश्न मुलांनी आणायचे. पहिल्या शुक्रवारी सौरभनं विचारलं, उद्या जग बुडणार असेल तर आज काय कराल? त्याचं स्वतःचं उत्तर होतं, सबमिशन करणार नाही. दुसऱ्या आठवड्यात कृणालची पाळी आली. तो फळ्याशी गेला, खडू हातात घेऊन थोडा वेळ नुसता उभा राहिला आणि मग लिहिलं –

जाणाऱ्याचं प्रेम थांबणाऱ्यापेक्षा कमी असतं का?

श्रुतिकानं तो पुन्हा एकदा वाचला. प्रश्न जणू तिलाच विचारला होता. पण कृणालनं नव्हता विचारला, तिच्या लहानपणानं विचारला होता.

तिचे वडील, ज्यांना घरातले सगळे भाऊ म्हणायचे, मस्कतला इलेक्ट्रिशियन होते. आजोबांची गिरणी बंद पडली तेव्हा भाऊ गेले. ती दुसरीत होती तेव्हापासून बारावीला जाईपर्यंत भाऊ म्हणजे वर्षातून एकदा येणारा, खजुराचा वास असलेला एक महिना. आणि तो महिना संपला की एक सकाळ... ती उठायची, आणि भाऊ नसायचे. निरोप नाही, काही नाही. रात्री गोष्ट सांगणारा माणूस सकाळी गेलेला असायचा. दरवर्षी.

"कमी असतं," ती म्हणाली. तिच्या आवाजाला धार आली होती. "जायची कारणं शंभर असतात, मान्य. पण प्रेम असेल तर पाय निघत नाही. निघाला, याचाच अर्थ काहीतरी कमी होतं. बाकी सगळं सजवलेलं बोलणं."

मॅडमनी तिच्याकडे रोखून पाहिलं, पण त्या मध्ये पडल्या नाहीत.

"आणि समज," कृणालनं हळूच विचारलं, "प्रेम आहे, आणि तरी जावंसं वाटतंय. दोन्ही आहे. मग?"

"मग त्यानं प्रेम आहे असं म्हणू नये."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ. मग मान हलवली. "बरं," एवढंच म्हणाला.

त्या दिवशी वाद अर्धा राहिला नाही. फाटकाशी कृणाल म्हणाला, "आज जरा घाई आहे," आणि बसमागे धावला. श्रुतिका मेट्रोत बसली. काचेवर संध्याकाळ सरकत होती... आणि आपण जिंकलो तरी असं हरल्यासारखं का वाटतंय, हे काही केल्या तिला कळेना.

पुढच्या शुक्रवारी समोरची खुर्ची रिकामी होती.

तास सुटल्यावर निशानं तिला कॅन्टीनच्या मागे ओढत नेलं. "तुला काही बोललाय का तो? कोचीचं?"

"कोची?"

"बघ, वाटलंच मला! अगं, कोचीच्या संस्थेत निवड झालीय त्याची. समुद्राच्या पाण्याचं रसायनशास्त्र. जूनपासून दोन वर्षांचा कोर्स, आणि पुढे संशोधन. पहिलीपासून तेच करायचं होतं त्याला, पाण्यात काय असतं ते बघायचं. सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचंय. आणि हा शहाणा घरी सांगून बसलाय की जाणार नाही! मावशी रडतेय, ओरडतेय. भिकाजीकाका तर तोंडातून शब्द काढत नाहीत. आणि कारण विचारलं तर म्हणतो काय..." निशा थांबली. तिनं श्रुतिकाच्या डोळ्यांत पाहिलं. "म्हणतो, जाणाऱ्याचं प्रेम कमी असतं. हे वाक्य कुणाचं गं, श्रुते?"

"माझं," श्रुतिका म्हणाली.

घरी आली तेव्हा भाऊ गॅलरीत टेबलफॅन उघडून बसले होते. मस्कतहून कायमचे परत आल्यापासून ते मरोळच्या एका कारखान्यात जात, आणि सुटीच्या वेळी अख्ख्या चाळीचे पंखे दुरुस्त करत. श्रुतिका त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला. बराच वेळ नुसते पंख्याचे भाग इकडून तिकडे होत राहिले.

"भाऊ..."

"काय गो?"

"मस्कतला जाताना तुम्ही मला कधीच उठवलं नाहीत. का?"

भाऊंचा हात थांबला. त्यांना असल्या बोलण्याची सवय नव्हती. बोलणारा माणूसच नव्हता तो. त्यांनी आत पाहिलं. आई स्वयंपाकघरात कुकर लावत होती.

"आज कित्याक विचारतंस?"

"सांगा ना."

"एकदा उठवललंय," ते पंख्याच्या पात्याकडे बघत म्हणाले. "पयल्या वर्षी. तुका आठवचा नाय. तू माझा बोट धरलंस. ह्या. नि सोडूकच तयार नाय. रडलंस नाय, कायच नाय... नुसता धरून ठेवलंस. खाली गाडी उभी. तुझ्या आईन शेवटी एकेक बोट सोडवल्यान." त्यांनी पातं उचलून फडक्यानं पुसलं. "विमानतळापर्यंत मी काय बघूक नाय. पुढच्या वर्षापासून ठरवलंय, झोपलेली असताना जावचा. तू जागी असतंस तर माझो पाय उचललो नसतो गो."

इतकी वर्षं जी सकाळ श्रुतिकानं मनात एका बाजूनं जपून ठेवली होती, तिची दुसरी बाजू हा माणूस एकट्यानं सांभाळत आला होता. तिनं पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. भाऊंनी तेलकट हात हवेत तसाच धरला, तिच्या ड्रेसला लागू नये म्हणून.

"काय झाला गो, बाय?"

"काही नाही. माझं एक उत्तर चुकलं होतं."

रविवारी दुपारी ती वेसाव्याच्या धक्क्यावर आली, आणि आज पहिल्यांदाच कठड्याशी न थांबता फेरीबोटीत उतरली. बोट हलली तसा तिनं घाबरून बाजूचा दांडा धरला. शेजारच्या कोळणीनं तिचा हात धरून तिला बसवलं. चार घटका बोलायलाही पुरू नये एवढीच ती खाडी... पण त्या दिवशी ती संपता संपत नव्हती.

मढच्या किनाऱ्यावर बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, रांगाच्या रांगा. एक बाई ते उलटेपालटे करत होत्या. कृणालचं घर विचारायला श्रुतिका त्यांच्याजवळ गेली, आणि त्यांच्या कपाळाची ठेवण पाहून विचारण्याची गरजच उरली नाही.

"मी... कृणालच्या कॉलेजमधली."

कृणालच्या आईनं, सरूबाईंनी, तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "घाटकोपरची? ती वाद घालनारी?"

"हो... तीच."

"मंग बरा झाला आयलीस." त्यांनी मनगटानं कपाळावरचे केस मागे सारले. "आमचा कुनाचा आयकत नाय तो. तू घाल वाद. तिकरं हाय बग, बोटीकरं. नि जेवल्याबिगर जायाचा नाय, सांगून ठेवतंय."

ओढून वाळूवर आणलेल्या बोटीला टेकून कृणाल बसला होता. तिला पाहून तो उठून उभाच राहिला. "तू? इथे? कशी आलीस?"

"बोटीनं. पोहत येणार होते, पण ड्रेस नवीन आहे."

तो हसला नाही. तिचंही हसू ओठांवरच विरलं. मग ती सरळच म्हणाली, "कृणाल, माझं ते वाक्य परत दे मला."

"कुठलं?"

"तुला माहीत आहे. चूक होतं ते."

"आठवडाभरात चूक झालं?"

"नाही. खूप वर्षांपासून चूकच होतं. मला परवा कळलं." आणि तिनं त्याला भाऊंचं सगळं सांगितलं. बोटाचं, एकेक बोट सोडवल्याचं. कृणाल ऐकत राहिला. पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत राहिला.

"खरं सांगू?" तो शेवटी म्हणाला. "रागावू नकोस. तुझं वाक्य मला सोयीचं पडलं गं."

"म्हणजे?"

"मला भीती वाटते. या किनाऱ्याबाहेर मी कधी राहिलेलोच नाही. नितेशदादा बोट सोडून मॉलमध्ये नोकरीला लागला, आता मीही निघालो तर बाबा एकटे. ते जा म्हणत नाहीत, थांब म्हणत नाहीत. कुणीतरी थांब म्हणावं असं मनातून वाटत होतं. तू म्हणालीस... आणि मी ते पकडून बसलो. भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा, प्रेमासाठी थांबला... किती झकास वाटतं ऐकायला!"

"आणि बाबा?"

"काल बाबांनी वर्षभरासाठी खलाशी ठरवला. मला न विचारता. संध्याकाळी नुसतं म्हणाले, पोरगा बरा हाय." कृणालनं ओठ आवळले. "त्यांचं हे असंच असतं. बरं हाय."

वारा उलटा फिरला होता. पाणी हळूहळू चढत होतं. श्रुतिकाच्या मनात त्या बापाचा चेहरा आला, न पाहिलेला, आणि का कोण जाणे, भाऊंसारखाच.

"प्रेमासाठी थांबणार होतास म्हणतोस," ती म्हणाली. मान खाली, नजर वाळूत. "कुणाच्या प्रेमासाठी?"

"...हे वर्गात सांगू की इथे?"

"वर्गात सौरभ आहे. तो म्हणेल, डिपेंड्स."

आता मात्र तो हसला. पहिल्या दिवशी झोपेआड होतं तेच हसू. "नाही गं. हे कशावरच डिपेंड नाही. तू हो म्हणालीस तरी आहे, नाही म्हणालीस तरी आहे. पहिल्या दिवसापासून आहे. तू म्हणालीस ना, ही माझी जागा... मी तेव्हाच अर्धा जागा होतो."

"काय? आणि झोपेचं सोंग घेतलंस?"

"सुखात होतो. आणि माहीतही होतं. तुझाच मुद्दा बरोबर होता त्या दिवशी, पण एवढ्या लोकांसमोर कसं मान्य करणार?"

जेवण झालं. सरूबाईंनी आग्रह कर-करून तांदळाची भाकरी वाढली. कृणालचे बाबा, भिकाजी, एकदा येऊन दारात उभे राहिले, श्रुतिकाकडे पाहून मान हलवून गेले. मग कृणाल तिला सोडायला निघाला. उन्हं उतरली होती. फेरीबोटीत गर्दी नव्हती. दोघं पुढच्या टोकाला बसली. बोटवाल्या धाकूकाकांनी इंजिन सुरू केलं, आणि किनारा मागे सरू लागला.

"मला एक बोलायचंय," श्रुतिका म्हणाली. "मध्ये बोलू नकोस, मी पाठ केलंय."

"नाही बोलत."

"मला तू आवडतोस. खूप. तू गेलास की मी रडणार आहे, आधीच सांगून ठेवते. शुक्रवारी तर फारच रडेन. पण त्याचा अर्थ थांब असा नाही. मी रडले तरी तू जायचंस. आणि... आणि पुढचं मी विसरले."

पाण्याचे बारीक तुषार उडत होते. कृणालनं तिचा हात हातात घेतला. त्याचा तळवा दोरांनी खरखरीत झालेला, ऊबदार. दुसऱ्या हातानं त्यानं मोबाईल काढला. संस्थेचं पान उघडं होतं, खाली प्रवेश नक्की करायचं एकच बटण.

"तूही बोट ठेव," तो म्हणाला.

"माझं कशाला? तुझा निर्णय आहे."

"निर्णय माझाच आहे. बोट तुझं असू दे."

दोघांनी मिळून बटण दाबलं. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं... फिरतच राहिलं.

"काय झालं?"

"खाडीच्या मध्यावर नेटवर्क जातं," कृणाल म्हणाला. दोघं एकमेकांकडे पाहून हसत सुटली. हसता हसता श्रुतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. अर्ध्या खाडीत, ना या तीरावर ना त्या, ते चक्र फिरत राहिलं आणि ती दोघं श्वास धरून त्याच्याकडे पाहत राहिली. वेसाव्याचा धक्का जवळ आला. मोबाईल थरथरला.

"गेलं," कृणाल म्हणाला.

"गेलं," श्रुतिका म्हणाली.

बोट धक्क्याला टेकली. बाकीची माणसं उतरली. ही दोघं बसूनच होती.

"काय रं कुनाल, उतरायचा नाय काय?" धाकूकाकांनी विचारलं.

"परत जायचंय, काका."

"मंग आयलास कशाला?"

धाकूकाकांनी त्या दोघांच्या गुंफलेल्या हातांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि मिशीत हसून दोर सोडला. बोट वळली. मढच्या किनाऱ्यावर एकेक दिवा लागत होता. श्रुतिकानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. जून दूर होता, पण तितका दूर नव्हता. हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून ती दोघं त्या संध्याकाळी खाडी पुन्हा ओलांडून गेली... आणि मग पुन्हा एकदा.